पसूर नदीतील चार दिवस आणि एक महावीरचक्र

फ्रीगंजात जन्म काढलेल्या माणसाने समुद्राविषयी लिहावे, हे थोडे धाडसाचेच. आपल्या टॉवरपासून कोणत्याही दिशेला निघालो तरी खारे वारे अंगाला लागायला शेकडो मैल जावे लागते. पोहणे म्हणजे रामघाट, पूर म्हणजे शिप्रेचा, आणि नाव म्हणजे सिंहस्थात यात्रेकरूंना पैलतीरी नेणारी होडी, एवढीच आपली जलविद्या. माळव्यात स्थायिक झालेल्या मराठी घराण्यांच्या आठवणींत तलवार आहे, घोडा आहे, पागा आहे, जहागिरीची सनद आहे. गलबत मात्र नाही. वास्तविक ग्वाल्हेर दरबारातील आंग्रे सरदार हे कान्होजी आंग्र्यांच्या कुळातलेच. पण समुद्रावर ज्यांच्या नावाचा दरारा होता, त्यांचेही वंशज इकडे आल्यावर पठारावरचे झाले. मग आम्हां कारकुनी पेशातल्या घराण्यांची काय कथा?

तरीही हा लेख मी लिहितो आहे, त्यामागे एक जुने ओझे आहे. ते आधी सांगून टाकतो.

नोकरीच्या प्रारंभीच्या काळात, म्हणजे १९८० च्या दशकाच्या मध्यावर, मी माळव्यातल्या एका तहसिलीच्या गावी नेमणुकीस होतो. एके दिवशी दुपारी पंचेचाळिशीचा एक उंच, सावळा गृहस्थ माजी सैनिकांसाठी असलेल्या जमिनीच्या पट्ट्याचा अर्ज घेऊन आला. त्याने खिशातून रुमाल काढला, माझ्या टेबलावर उलगडला आणि त्यातली तीन-चार पदके माझ्यासमोर ओळीने मांडली. फौजेत कोठे होतास, असे विचारले, तर म्हणाला, ‘नौदलात होतो, साहेब. इंजिनावर.’ मला गंमत वाटली. माळव्याचा शेतकरी आणि नौदलात! ही पदके कशाबद्दल मिळाली, असे विचारल्यावर तो एवढेच बोलला, ‘सगळ्यांनाच मिळाली, साहेब.’ मी म्हटले, ‘पदके उचलून ठेव, नोकरीचे पुस्तक आण.’ पुस्तक त्याच्या घरच्या आगीत गेले होते, आणि नक्कल मिळवण्याची वाट त्याला ठाऊक नव्हती. ती दाखवणे हे माझे काम होते. मी अर्जावर ‘कागदपत्रे अपूर्ण’ असा शेरा मारला. नियमाने तो शेरा बरोबर होता. तो गृहस्थ पुन्हा आला नाही.

ती पदके कसली होती, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. १९७१ च्या युद्धात पूर्व आघाडीवर जे जे लढले, त्यांना ‘पूर्वी स्टार’ देण्यात आला. ते सहभागाचे पदक आहे, म्हणून ‘सगळ्यांनाच मिळाली’ हे त्याचे उत्तर अक्षरशः खरे होते. शौर्यपदके वेगळी. सेवानिवृत्तीनंतर वेळ मिळाला, तेव्हा मी या विषयाचे वाचन सुरू केले. पूर्व आघाडीवर नौदलाने काय केले, आणि त्यातून कोणाला कोणते पदक मिळाले, हे शोधता शोधता एका मराठी नावाशी येऊन थांबलो. कमांडर मोहन नारायण राव सामंत, महावीरचक्र.

महावीरचक्र हे युद्धकाळातील शौर्यपदकांत परमवीरचक्राच्या खालोखाल. नौदलातील कोणालाही आजवर परमवीरचक्र मिळालेले नाही. त्यामुळे रणांगणावरील शौर्यासाठी दर्यावर्दी सैनिकाच्या छातीवर आलेला सर्वोच्च मान हाच. २६ जानेवारी १९५० रोजी या पदकांची स्थापना झाली आणि ती १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू मानली गेली. महावीरचक्र चांदीचे, गोल, व्यासाने जेमतेम साडेतीन सेंटीमीटर असते. दर्शनी बाजूला पंचकोनी तारा, त्याची टोके कडेला टेकलेली, मध्ये सोन्याचा मुलामा दिलेले राजचिन्ह. मागच्या बाजूस हिंदी व इंग्रजीत नाव, आणि दोन्हींच्या मध्ये दोन कमळे. फीत अर्धी पांढरी, अर्धी केशरी.

या पदकांच्या आकृतीमागेही एक मराठी घर आहे. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेली ईव्ह इव्होन ही तरुणी विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी १९३२ साली विवाहबद्ध झाली आणि सावित्रीबाई खानोलकर झाली. संस्कृत, पुराणे, चित्रकला, नृत्य यांत ती इतकी रमली की, स्वतंत्र भारताला स्वतःची पदके हवी झाली, तेव्हा मेजर जनरल हिरालाल अटल यांनी त्यांची आकृती काढण्याचे काम तिच्यावर सोपवले. परमवीरचक्रावरील इंद्राचे वज्र ही तिचीच कल्पना. महावीरचक्र आणि वीरचक्र यांच्या आकृतीही तिच्याच. पहिले परमवीरचक्र मेजर सोमनाथ शर्मा यांना मिळाले, आणि ते सावित्रीबाईंच्या थोरल्या जावयाचे सख्खे बंधू निघाले, हा योगायोग पुष्कळांना ठाऊक असेल. परक्या देशातून आलेल्या सुनेने आपल्या वीरांसाठी अलंकार घडवावा, ही गोष्ट परप्रांतात चार-सहा पिढ्या काढलेल्या आपल्या घरांना विशेष जवळची वाटावी.

आता सामंतांकडे वळू. सामंत हे आडनाव ऐकले की आपल्याला कोकण आठवते. हे सामंत मुळात पाणबुडीवाले. भारताने सोव्हिएत संघाकडून फॉक्सट्रॉट जातीच्या पाणबुड्या घेतल्या, त्यांतली ‘करंज’ सप्टेंबर १९६९ मध्ये रीगा येथे नौदलात दाखल झाली. तिचे पहिले कप्तान कमांडर सामंत. पाणबुडीवरील जीवन म्हणजे अबोल राहण्याचे शिक्षणच. जहाज दिसू नये, आवाज येऊ नये, ठावठिकाणा कळू नये, यातच त्या विद्येचे सर्वस्व. पुढे दोनच वर्षांनी याच गुणांची कसोटी लागली, पण ती पाण्याखाली नव्हे, बंगालच्या नद्यांत.

२५ मार्च १९७१ च्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात कत्तल सुरू केली. त्या वेळी फ्रान्समधील तूलाँ बंदरात पाकिस्तानची ‘मांग्रो’ ही नवी पाणबुडी तयार होत होती आणि तिच्यावरील बंगाली खलाशी तेथे प्रशिक्षण घेत होते. त्यांच्यातील काही जणांनी जहाज सोडले, लपतछपत स्पेन गाठला आणि माद्रिदमधील भारतीय वकिलातीत आश्रय घेतला. त्यांपैकी आठ जण भारतात पोहोचले. आपले सरकार अजून युद्धात उतरलेले नव्हते. परंतु नौदलप्रमुख ॲडमिरल नंदा आणि नौदलाच्या गुप्तवार्ता विभागाचे कॅप्टन रॉय यांच्या मनात एक योजना आकार घेऊ लागली. पूर्व बंगालचा सारा व्यवहार पाण्यावरून चालतो. धान्य, ताग, दारूगोळा, सैनिक, सगळे नद्यांतून जाते. ही वाट तोडायची, आणि ती तेथल्याच मुलांनी तोडायची. या मुलांना तयार करण्याची आणि मोहीम चालवण्याची जबाबदारी सामंतांवर आली. शत्रूच्या पाणबुडीवरून पळून आलेले खलाशी आणि आपल्या पाणबुडीचा कप्तान एकाच कामाला जुंपले गेले, असा प्रसंग नौदलांच्या इतिहासात विरळाच.

छावणीसाठी जागा निवडली गेली ती प्लासीची. १७५७ साली जेथे बंगाल हातचा गेला आणि पुढे हिंदुस्थानही गेला, त्याच परिसरात, भागीरथीच्या काठी, मे १९७१ मध्ये तंबू उभे राहिले. कागदोपत्री त्या छावणीला ‘सी-टू-पी’ एवढेच सांकेतिक नाव होते. निर्वासितांच्या आणि मुक्तिवाहिनीच्या छावण्यांतून निवडलेली मुले तेथे आली. बहुतेक विद्यार्थी, शेतकऱ्यांची पोरे, नदीकाठी वाढलेली. पोहणे त्यांना येतच होते. शिकायचे होते ते रात्री, प्रवाहाविरुद्ध, तासन्‌तास, छातीवर ओझे बांधून, पाण्याचा आवाजही न करता पोहणे. हळूहळू चारशेहून अधिक तरुण या विद्येत तयार झाले. हत्यार म्हणजे कमरेला सुरी, पायांत रबरी पंखे आणि गमछाने छातीशी बांधलेला चुंबकी सुरुंग. तो जहाजाच्या पोटाला चिकटवायचा आणि परत फिरायचे. सुरुंगाची चाप पाण्यात विरघळणाऱ्या गोळीवर अवलंबून असे आणि ती फार लवकर विरघळे. तेव्हा तिच्यावर एक पातळ रबरी आवरण चढवून हा प्रश्न सोडवला गेला. ते आवरण कुटुंबनियोजनाच्या कोणत्या साधनाचे होते, हे सुज्ञ वाचकांना सांगायला नको. सरकारी खात्यात अशा वस्तूंची एवढी मोठी मागणी कोणत्या कारणाखाली नोंदवली असेल, हा विचार माझ्यातल्या जुन्या अधिकाऱ्याच्या मनात आल्याशिवाय राहिला नाही.

ऑगस्टच्या मध्यावर पहिला मोठा तडाखा बसला. चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज, या चारही ठिकाणी एकाच वेळी हल्ला करायचा, तर सूचना सर्वांना एकदम पोहोचायला हवी, आणि पोरांजवळ असणार साधे रेडिओ. म्हणून आकाशवाणीच्या कलकत्ता केंद्रावरून दोन गाणी लावायचे ठरले. पंकज मलिकांचे गाणे लागले की तयारीला लागायचे, आणि संध्या मुखर्जींचे लागले की पाण्यात उतरायचे. घरोघरी लोक ती गाणी ऐकत राहिले. काही तरुण मात्र ती वेगळ्या कानांनी ऐकत होते. त्या रात्री चितगाव बंदरात ‘अल्-अब्बास’ आणि ‘हॉर्मुझ’ ही मोठी जहाजे फुटली, इतरत्रही जहाजे व गाधे बुडाले, आणि पूर्व बंगालच्या बंदरांत जाणे धोक्याचे आहे, ही वार्ता साऱ्या जगाच्या व्यापारी जहाजांना कळली. भारताचे नाव कोठेही आले नाही. येऊ द्यायचेच नव्हते.

यानंतर दोन लहान बोटींना तोफा बसवून त्यांच्या गनबोटी करण्यात आल्या. नावे ठेवली ‘पद्मा’ आणि ‘पलाश’. त्यांच्यावर भारतीय नौसैनिक आणि मुक्तिवाहिनीचे बंगाली खलाशी एकत्र होते. ३ डिसेंबरला उघड युद्ध सुरू झाले. ४ डिसेंबरच्या रात्री आपल्या क्षेपणास्त्रनौकांनी कराचीवर हल्ला केला. ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळ ‘खुकरी’ बुडाली आणि कॅप्टन मुल्ला १८ अधिकारी व १७६ नौसैनिकांसह गेले. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. आमच्या वाड्यात आजोबा रेडिओजवळ बसून बातम्या ऐकत आणि आम्हां मुलांना गप्प राहण्याची सक्त ताकीद असे. कराची आम्ही ऐकले, ‘विक्रांत’ ऐकले, ‘खुकरी’ची बातमी आली तेव्हा आजोबांनी रेडिओ बंद केला आणि बराच वेळ ते कोणाशी बोलले नाहीत, हेही आठवते. त्याच दिवसांत सुंदरबनातून एक लहानसा ताफा खुलन्याकडे चालला होता, याचा मात्र आम्हांला पत्ता नव्हता.

त्या ताफ्याचे नेतृत्व सामंतांकडे होते. ‘पद्मा’, ‘पलाश’, सीमा सुरक्षा दलाची ‘चित्रांगदा’ आणि नौदलाची ‘पणवेल’. हो, आपले मुंबईजवळचे पनवेल. त्या नावाची ही गस्तीनौका लेफ्टनंट कमांडर नोरोन्हा चालवत होते. मार्ग अनोळखी, नद्यांचे फाटे असंख्य, दोन्ही काठांना खारफुटीचे दाट जंगल आणि कोठे वाळूवर बोट रुतेल याचा नेम नाही. सामंतांनी पसूर नदीतून हा ताफा असा आणला की १० डिसेंबरच्या सकाळी तो मोंगला बंदरात पोहोचेपर्यंत शत्रूला चाहूलही लागली नाही. मोंगला हाती आले. आता पुढे खुलना.

आणि येथे ती गोष्ट घडली, जी सांगताना अजूनही लेखणी अडखळते. दुपारच्या सुमारास आकाशात विमाने दिसली. ती आपलीच होती, वायुदलाची नॅट. ओळख पटावी म्हणून बोटींच्या वरच्या भागावर पिवळी खूण केलेली होती. पण नदीत एवढ्या आत, शत्रूच्या ठाण्याजवळ, आपल्या बोटी असतील हे त्या वैमानिकांच्या ध्यानीमनी नसावे. त्यांनी सूर मारला. ‘पद्मा’ आणि ‘पलाश’ पेटल्या. आपल्याच विमानांवर तोफा डागायच्या नव्हत्या, म्हणून बोटींवरचे लोक मार खात राहिले. ‘पलाश’च्या इंजिनखोलीत मोहम्मद रुहुल अमीन हे बंगाली यंत्रज्ञ होते. बोट सोडण्याची आज्ञा झाली, तरी ते इंजिनाला चिकटून राहिले. त्याच दिवशी त्यांना वीरमरण आले. बांगलादेशाने ज्या अवघ्या सात जणांना ‘वीरश्रेष्ठ’ हा सर्वोच्च सन्मान दिला, त्यांत त्यांचे नाव आहे.

काठावरून शत्रूच्या गोळ्या, नदीत जळते तेल, पाण्यात जखमी माणसे. अशा वेळी मागे फिरणे कोणी गैर मानले नसते. सामंतांनी ‘पणवेल’ त्या आगीत नेली, बुडणाऱ्यांना वर घेतले आणि खुलन्यावरचा मारा थांबू दिला नाही. ‘पद्मा’वर लीडिंग सीमन चिमनसिंग हा हरियाणाचा तरुण होता. प्लासीच्या छावणीत त्यानेच मुलांना पोहण्याचे धडे दिले होते. स्फोटाने तो पाण्यात फेकला गेला, अंगात छर्रे घुसले. दोन सहकारी गटांगळ्या खात होते. त्यांना ओढत त्याने काठ गाठला. काठावर शत्रू होता. आपल्या दोघांना निसटायला वेळ मिळावा, म्हणून हा जखमी माणूस हातात शस्त्र नसताना शत्रूवर धावून गेला. दोघे निसटले. चिमनसिंग कैद झाला आणि खुलना मुक्त झाल्यावरच सापडला.

सामंत, नोरोन्हा आणि चिमनसिंग, तिघांनाही महावीरचक्र मिळाले. एका लहानशा ताफ्याला तीन महावीरचक्रे. त्यांतही चिमनसिंग हा अधिकारी नव्हता, हुद्द्याने साधा नौसैनिक होता. त्याच्या आणि सामंतांच्या पदकांत तिळमात्रही फरक नाही. चांदी तीच, तारा तोच, फीत तीच. सरकारी व्यवस्थेत पदाप्रमाणे खुर्चीची उंचीही ठरलेली असते, हे मी आयुष्यभर पाहिले. तेथे ही समानता मला फार मोलाची वाटते.

सामंतांच्या सन्मानपत्रात ८ ते ११ डिसेंबर या चार दिवसांची हकिकत आहे. त्याआधीचे सात महिने, ती छावणी, ती गाणी, ते चारशे तरुण, यांचा उच्चार होऊ शकत नव्हता, कारण भारताने हे केले हेच मान्य करायचे नव्हते. पदक म्हणजे एका मोठ्या जमाखर्चाची छोटीशी पावती असते. पावतीवर शेवटची रक्कम असते, वही मात्र कपाटात बंद राहते. सामंतांनी ती वही जवळपास आयुष्यभर मिटलेली ठेवली. युद्ध संपल्यावर नव्या बांगलादेशाच्या नौदलाचे पहिले प्रमुख म्हणून त्यांनी काम पाहिले. पुढे ते कॅप्टन झाले, निवृत्त झाले. अखेरच्या वर्षांत पत्रकार संदीप उन्नीथन यांच्यासह त्यांनी ‘ऑपरेशन एक्स’ हे पुस्तक लिहिले. ते २०१९ साली प्रकाशित झाले, आणि त्याच वर्षी सामंतांचे निधन झाले. जवळपास पन्नास वर्षे जपलेले मौन त्यांनी वेळेवर सोडले, म्हणून रुहुल अमीनची ती दुपार, आपल्याच विमानांची चूक आणि छातीवर सुरुंग बांधलेली मुले आज आपल्याला दिसतात. चूक लपवून शौर्य मोठे होत नसते. चुकीच्या आगीतही माणसे कशी वागली, हे कळले म्हणजेच ते शौर्य खरे वाटते.

१० मार्च २०२१ रोजी मुंबईत नवी ‘करंज’ पाणबुडी नौदलात आली, तीही माझगाव गोदीत बांधलेली. १९७१ मध्ये जुन्या ‘करंज’चे कप्तान असलेले ॲडमिरल शेखावत त्या समारंभाला प्रमुख पाहुणे होते, आणि पहिले कप्तान म्हणून सामंतांचेही स्मरण तेथे झाले. २०२२ साली नौदलाच्या ध्वजावर शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. आपल्याला त्याचा अभिमान वाटतो, वाटावाच. मात्र ध्वजाच्या अभिमानाबरोबर त्या ध्वजाखाली राबलेल्या माणसांची चौकशीही आपल्याकडून व्हायला हवी.

कारण हे सारे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे पुन्हा पुन्हा तो रुमाल येतो. तो गृहस्थ ‘पद्मा’वर नव्हता, हे मला ठाऊक आहे, तो दुसऱ्या कोणत्या तरी जहाजाच्या इंजिनखोलीत असणार. तेथून समुद्रही दिसत नाही, फक्त उष्णता आणि आवाज. रुहुल अमीन अशाच एका खोलीत शेवटपर्यंत थांबले. ‘सगळ्यांनाच मिळाली’ असे म्हणणाऱ्या माणसाला मी निदान बसायला सांगायला हवे होते. नियम पाळूनही तेवढे करता आले असते. नक्कल कोठून मागवावी याचा पत्ता लिहून द्यायला अर्धे मिनिट पुरे होते.

आपल्या जुन्या घरांत पेट्या आहेत. त्यांत सनदा, मोडी दफ्तरे, दरबारचे बिल्ले आणि कोठे कोठे महायुद्धातली पदकेही आहेत. कित्येकांची मुले-नातवंडे आज सैन्यदलांतही आहेत. माझी विनंती एवढीच की, ही पदके नुसती पुसून ठेवू नयेत. ज्याची आहेत तो हयात असेल तर त्याला विचारावे, आणि तो ‘सगळ्यांनाच मिळाली’ म्हणाला तर तेथे थांबू नये. तो बोलेल ते तारीख घालून लिहून ठेवावे.

शिप्रेचे पाणी चंबळेला मिळते, चंबळेचे यमुनेला, यमुनेचे प्रयागला गंगेला. पुढे गंगेचे दोन फाटे होतात. एक भागीरथी, जिच्या काठी ती मुले पोहायला शिकली. दुसरी पद्मा, जिचे नाव त्या बोटीला दिले होते. रामघाटावर संध्याकाळी बसलो की हल्ली हे आठवते. समुद्र आपल्यापासून फार दूर आहे असे मी लेखाच्या आरंभी म्हटले खरे, पण घाटाच्या पायरीवरून पाण्यात सोडलेला दिवा त्याच दिशेने जातो.